वगीदाची गोणी

वगीदा माझी थोरली जाऊ. तिच्याविषयी चांगलं बोलायला लागले की माझी जीभ अडखळते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको, की इन्साफने पदरचं तिखटमीठ लावलं.

आमच्या गावात माणूस आजारी पडला तर त्याला मल्लावी शहरातल्या दवाखान्यात नेतात. बाकला आजारी पडला तर वगीदाच्या दारात आणतात. बाकला म्हणजे जाड सालीचा मोठा घेवडा. आमची सकाळची न्याहारी तोच, गरिबाचं मांसही तोच. तो गेला की वर्षभर चूल सुनी. म्हणून हिवाळाभर तिच्या ओट्यावर बायका-पुरुष पदरात नाहीतर कागदात रोपं गुंडाळून बसलेले असतात. त्यांच्या तोंडावर अशी कळा, जणू रोप नाही, पोटचं पोर आणलंय.

वगीदा पानाकडे बघतच नाही. पान सगळ्यांत शेवटी बोलतं, म्हणते. आधी विचारते, पाणी कधी दिलंस, खत कोणाचं, गेल्या साली तिथे काय होतं. मग रोप मातीसकट कालव्यावर नेऊन मुळं धुते आणि मुळांवरच्या बारीक गाठी नखाने फोडते. आत गुलाबी निघालं तर मुळं ठीक आहेत. करडं निघालं तर मुळांचा श्वास कोंडलाय, पंधरा दिवस पाणी तोड. पानावर तपकिरी ठिपके असतील तर रोपं दाट झालीत, वारा खेळू दे, एकाआड एक काढ. शेंड्याला काळा मावा असेल तर शेंडा खुड, राख टाक आणि आधी मुंग्यांचं वारूळ शोध. एकदा एक जण कुरतडलेलं रोप घेऊन आला आणि कुठला रोग, कुठला रोग करत बसला. वगीदा म्हणाली, "रोप ठणठणीत आहे रे. याला चार पायांचा रोग झालाय. घरी जा आणि बकरी बांध."

तिला लिहिता-वाचता येत नाही. मी अलेक्झांड्रियात आठवीपर्यंत शिकले. पण माझ्या दारात कधी कोणी कागद वाचून घ्यायलाही आलं नाही.

आता जळफळाटाचं मूळ सांगते. सासूबाईंनी वगीदाला आधी फहमीसाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी पाहिलं होतं, असं गावात बोलतात. फहमी तेव्हा शहरात पळाला, ट्रामवर कंडक्टर झाला, आणि वगीदा त्याच्या थोरल्या भावाला, बदावीला दिली गेली. फहमीला मी हे कधी विचारलं नाही. विचारून तो हो म्हणाला असता तर मी काय केलं असतं? पण दर वसंतात तो गावी जायचा आणि हिरव्या शेंगांची टोपली घेऊन यायचा. दारातूनच म्हणायचा, "वगीदा वहिनीच्या हातचा बाकला." एकोणतीस वर्षं मी त्या शेंगा सोलल्या. एकोणतीस वर्षं तो म्हणाला, "साखर आहे, साखर." माझ्या स्वयंपाकाला तो "बरंय" म्हणतो.

फहमी निवृत्त झाला, मुलं आपापल्या संसाराला लागली, आणि आम्ही गावी आलो. वाटणीत घरामागचा दोन किरातांचा, म्हणजे जेमतेम साडेतीन गुंठ्यांचा तुकडा आमचा. घर बदावीच्या घराला लागून, गच्चीला गच्ची. आठवडाही झाला नसेल, भाकऱ्या भाजायला सगळ्या बायका भट्टीपाशी जमल्या होत्या. तिथे कोणीतरी वगीदाच्या शेंगांची स्तुती काढली आणि माझा तिळपापड झाला. मी म्हणाले, "येत्या शम्म अल-नसीमला चटईवरच्या शेंगा माझ्या रानातल्या असतील. लिहून ठेवा."

शम्म अल-नसीम म्हणजे वसंताचा सण. त्या दिवशी सगळं कुटुंब शेतात चटई टाकून बसतं. खारवलेली मासळी, कांद्याची पात, रंगवलेली अंडी आणि ताज्या शेंगांचे कच्चे दाणे. शेंगा कायम वगीदाच्या. मी बोलले तेव्हा बायका एकमेकींकडे बघून हसल्या. वगीदा हसली नाही. म्हणाली, "येऊ देत की. खाणारी तोंडं खूप आहेत." या असल्या बोलण्यानेच माझ्या पोटात दुखायला लागतं. हसली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

खरं म्हणजे मी तोवर कुंडीत पुदिन्याखेरीज काही लावलेलं नव्हतं. पण तिला विचारणं शक्यच नव्हतं. म्हणून मी तिच्यावर पाळत ठेवली. तिच्या यशाचं काहीतरी गुपित असणारच. आणि मला ते दिसलं. त्यांच्या गच्चीच्या कोपऱ्यात, बकरीचं तोंड पोचणार नाही अशा उंच खुंटीला, एक गोणी टांगलेली होती. तोंड दोरीने तीनदा आवळलेलं. पोरं जवळ गेली की वगीदा खालून ओरडायची, "गोणीला हात लावायचा नाही." अधूनमधून गावातल्या बायका काड्यांची मोळी आणून द्यायच्या आणि ती गुपचूप गोणीत भरायची. मला वाटलं, हेच ते. झाडपाल्याचं काहीतरी खत आहे, सगळ्यांकडून गोळा करते आणि एकटी वापरते.

पेरणीच्या आधी एका दुपारी सगळे झोपले असताना मी गच्चीची भिंत ओलांडली. गोणीत वाळक्या, तपकिरी काड्या होत्या, आणि हलवल्या की त्यांतून काजळीसारखी बारीक पूड झडत होती. मी सगळा माल माझ्या चादरीत ओतला, गोणीत तेवढाच पेंढा कोंबला आणि दोरी तीनदा आवळली. संध्याकाळी त्या काड्या कुस्करून एकेका सरीत हाताने पेरल्या. शेवटच्या दोन ओळींना माल पुरला नाही. त्या ओळींबद्दल मला हळहळ वाटली.

मग आठ-दहा दिवसांनी वगीदाने मक्याची धाटं आणि त्यांबरोबर ती गोणी जाळायला काढली, तशी ती माझ्या दारात उभी.

"इन्साफ, आमच्या गच्चीवरून काही..."

"आम्ही काय चोर आहोत?" मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. चोराच्या मनात चांदणं.

"चोर कुठे म्हटलं मी?"

"मग काय म्हणायला आला होतात, जाऊबाई?"

ती थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली. "काही नाही. चूक माझीच. हिरवं जळत नाही म्हणून वाळत टाकलं, आणि जाळायला उशीर केला."

ती गेल्यावर मी नाक मुरडलं. असलं सोन्यासारखं खत कोण जाळतं? लपवायचं म्हणून काहीही बोलते, असं मला वाटलं.

बाकला उगवला. मी बी जपून टोचलं होतं, अंतर ठेवलं होतं, आणि शहरातल्या कुंडीसारखं रोज पाणी घालत होते. म्हणजे मी सांगायची आणि फहमी कालव्यावरून दोन-दोन बादल्या आणायचा. ट्राममधल्या तिकिटांच्या गमती सांगत सांगत यायचा. त्याच काळात मला दिसलं, की वगीदा रोज संध्याकाळी आमच्या रानाच्या कडेच्या तुतीच्या झाडाखाली उभी राहते आणि माझ्या रानाकडे बघते. जराशी मान वाकडी करून, एकटक. कधी माशाल्ला म्हणत नाही, काही नाही. आमच्याकडे दुसऱ्याची चांगली वस्तू बघून जो माशाल्ला म्हणत नाही, त्याच्या पोटात काळंबेरं आहे असं पोरंसुद्धा समजतात.

खालची पानं पिवळी पडली. वगीदा तुतीखालून म्हणाली, "पाणी फार होतंय गं." मी मुद्दाम आणखी दोन बादल्या ओतायला लावल्या. पण दुसऱ्या दिवशी ओट्यावर ती एका बाईला पिवळ्या पानांसाठी पाणी तोडायला सांगत होती, ते मी खिडकीतून नीट ऐकलं, आणि चुपचाप पाणी तोडलं. रोपं सावरली. सगळ्यांना मी सांगितलं, की मी रोपांशी रोज बोलते. मग मावा आला, तेव्हाही मी खिडकीत बसूनच शेंडे खुडायला आणि भट्टीतली राख टाकायला शिकले. थंडीच्या अखेरीस बाकला गुडघ्याएवढा झाला, पांढऱ्या फुलांनी भरला. फहमी बांधावर उभा राहून म्हणाला, "अगदी वगीदा वहिनीच्या रानासारखा दिसतोय."

त्या रात्री मी त्याला आमटी वाढली नाही. नुसती भाकरी दिली.

अमशीर लागला, आमचा वाऱ्यांचा महिना. फहमी पेन्शनच्या कागदांसाठी अलेक्झांड्रियाला गेला आणि थोरल्या मुलाकडे वीस दिवस राहिला. त्याच वीस दिवसांत सगळं बिघडलं. दुपारी रोपं माना टाकायची. माती ओली होती, मावा नव्हता, ठिपके नव्हते, पानं पिवळीही नव्हती. फुलं मात्र गळत होती आणि शेंग धरत नव्हती. खिडकीत बसून ऐकलेलं सगळं ज्ञान संपलं. आणि तिकडे तुतीखाली ती रोज उभी.

मग माझी खात्रीच पटली. मी तवा तापवून त्यावर तुरटीचा खडा ठेवला. तुरटी फुलते आणि ज्याची नजर लागली त्याचा आकार घेते. मला त्यात वगीदाचं लांब नाक दिसलं. आता विचाराल तर फुगलेल्या तुरटीत लांब नाक कोणाचंही दिसतं. पण मला तिचंच दिसायचं होतं. मी कागदाची बाहुली कातरली, वगीदाचं नाव घेत सुईने टोचली आणि जाळली. आणि तेवढ्यावर न थांबता तुतीच्या बाजूने पुरुषभर उंच बोरूचा कूड घालून घेतला. नजर आत येणार नाही अशी सोय केली. गावात रोपांचा रोग ओळखणारं एकच माणूस होतं, आणि त्याला दिसू नये म्हणून मी कूड घातला.

कूड घातल्यानंतर चार दिवसांनी माझ्या रानात कोंब आले. रोपांच्या बुडाशी, ओळीने, बोटाएवढे जाड, फिकट, पान नाही की हिरवेपणा नाही. वर चढून त्यांना पांढरी-जांभळट फुलं लागली. मी हरखले. बाकला सुकतोय, पण देवाने बदल्यात फुलं दिली. सगळ्यांत उंच कोंब तोडून मी काचेच्या पेल्यात घातले आणि पुढच्या खिडकीत ठेवले. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत म्हणून.

फहमी परत आला तो खिडकीपाशीच थबकला. हातातली पिशवीही खाली ठेवली नाही त्याने.

"हे काय आहे?"

"फुलं. आपल्या बाकल्यात आपोआप आली."

"आपोआप?"

"मी पाणी घालत होते त्यांना. एवढी मोठी झाली."

फहमी खाटेवर बसला. तरुणपणीच गाव सोडलेला माणूस, पण इथल्या मातीत वाढलेला. म्हणाला, "इन्साफ, हा हालूक आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आपला बाकला मेला."

तो रानात गेला आणि तिथूनच ओरडला, "वगीदा वहिनी." माझ्या घरात, माझ्या दुखण्याला, पहिली हाक तिला. मी मागोमाग गेले, पाय ओढत.

वगीदा आली. कुडाला वळसा घालून आत शिरली आणि जागच्या जागी थांबली. मग खाली बसली. नेहमीसारखं विचारू लागली, पाणी कधी, बी कुठलं, खत कोणाचं. फहमीच उत्तरं देत होता. बी सासूबाईंच्या रांजणातलं, खत म्हाताऱ्या बशंदीच्या गोठ्यातलं. तिने एक रोप ढेकळासकट काढलं, बादलीत मुळं धुतली, गाठ फोडली. गुलाबी निघाली.

"रोप निरोगी होतं," ती म्हणाली. "खोड चांगलं, मुळं चांगली. इन्साफने मेहनत केली आहे. पण हे बघा."

हालूकचा कोंब खाली जाऊन बाकल्याच्या मुळालाच चिकटला होता. चिकटला तिथे गोचिडीसारखी फुगलेली गाठ. "याला स्वतःचं मूळ नाही, पान नाही. दुसऱ्याचं पिऊन फुलतो. वर दिसेपर्यंत महिनाभर खाली पितच असतो. एका फुलात हजारो बिया, काजळीएवढ्या. दहा-दहा वर्षं मातीत पडून राहतात. या जमिनीत सासूबाईंच्या काळापासून हालूक नव्हता."

काजळी म्हटल्याबरोबर मला गोणीतून झडलेली पूड आठवली. मी माझ्या हातांकडे पाहिलं.

वगीदा उठून ओळी बघत गेली. पहिली ओळ, दुसरी, पाचवी. सगळीकडे सरीच्या रेघेने कोंब. शेवटच्या दोन ओळींपाशी ती थांबली. तिथे एकही कोंब नव्हता आणि बाकला शेंगांनी लगडला होता. ती वळली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. मला कळलं की तिला कळलं.

फहमीला काही कळलं नाही. त्याचं डोकं बशंदीच्या खतावर अडकलं होतं. "त्या म्हाताऱ्याने हालूक खाल्लेल्या जनावरांचं शेण दिलं आम्हाला. सगळ्यांसमोर त्याची दाढी धरतो आता." तो खरोखरच निघाला. कुडापलीकडे आवाज ऐकून शेजारपाजारच्या पाच-सहा बायका जमल्या होत्या. बशंदीची सूनही त्यात होती, तिचा चेहरा उतरला. म्हातारा एका म्हशीवर घर चालवतो. त्याचं खत खराब ठरलं असतं तर गावात कोणी त्याच्याकडून पाटीभर शेण घेतलं नसतं.

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं नाही माझं.

"भाऊजी, थांबा," वगीदा म्हणाली. "बशंदीला मध्ये आणू नका. माझी नजर लागली."

"वहिनी, काहीतरीच काय? हालूक नजरेने येतो होय?"

"मातीत कुठलं बी कधी पडून असतं, कोणाला ठाऊक. उठवते ती नजरच. मी रोज तुतीखाली उभी राहून बघत होते. माशाल्ला म्हटलं नाही. सगळ्यांनी पाहिलंय मला." आणि बायकांकडे वळून म्हणाली, "पाहिलंय की नाही?"

एकीने आपल्या कडेवरच्या मुलीचं तोंड पदराखाली घेतलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवसापासून वगीदाचा ओटा रिकामा. रोपं सुकली तरी लोक सुकू देत, पण तिच्या डोळ्यांसमोर आणत नसत. ती रस्त्याने निघाली की बायका नजर लागू नये म्हणून पाच बोटं पुढे करून पुटपुटायच्या. राविया म्हणून शेजारची नवी सून, हिचं अख्खं रान वगीदाने मागच्या साली वाचवलेलं. तीसुद्धा एकदा शेंगांची पाटी पाठीमागे लपवताना मी पाहिली. वगीदानेही पाहिली. काही न बोलता तिने चाल वाढवली.

आणि माझ्या घरी? माझ्या घरी लोक येत होते. कोणी अंडी आणली, कोणी ताक. "बिचारी इन्साफ, शहरातून येऊन एवढं राबली, आणि घरातल्याच बाईने घात केला." फहमी माझ्याजवळ बसायचा, म्हणायचा, "पुढच्या साली आपण दुसरीकडे लावू." जे मला हवं होतं, ते सगळं मिळालं होतं, आणि घशाखाली उतरत नव्हतं. पण हे पश्चात्तापाने होत होतं असं समजू नका. मला जाळत होतं ते वेगळंच. माझा गुन्हा तिने उचलला आणि तिथेही माझ्यापेक्षा मोठी झाली. मी तिची गोणी चोरली होती. तिने माझी चोरीसुद्धा चोरली.

शम्म अल-नसीम आला. शेतात चटया पडल्या. मासळीचा वास, कांद्याची पात, पोरांची रंगीत अंडी. आमच्या चटईवर बाजारातून आणलेल्या शेंगा होत्या, जून, काळपट; माझ्या त्या दोन ओळींना हात लावायची माझी हिंमत झाली नव्हती. वगीदा आपली टोपली घेऊन आली. नेहमीच्या कोवळ्या, पोपटी शेंगा. तिने टोपली मधोमध ठेवली. कोणी हात पुढे केला नाही. बदावी, तिचा नवरा, तोही दुसरीकडे बघत मासळीचा काटा काढत होता. एका पोराने शेंग उचलली, तर त्याच्या आईने हातावर चापट मारून ती परत टोपलीत टाकली.

वगीदा थोडा वेळ बसली. मग टोपली उचलून म्हणाली, "म्हशीला घालते. ती नजरेला घाबरत नाही." आणि हसली. खरंच हसली. सगळी चटई मान खाली घालून बसलेली आणि ती एकटी ताठ. ते माझ्याच्याने सोसवलं नाही.

"टोपली ठेवा, जाऊबाई," मी म्हणाले. "हालूक मी पेरला."

फहमीचा घास हातात राहिला.

मी सगळं सांगितलं. गच्चीची भिंत, चादर, पेंढा, काड्या कुस्करल्या ते. शेवटच्या दोन ओळींना माल पुरला नाही तेही. "मला वाटलं खत आहे. हिचं गुपित आहे. हिच्यापेक्षा चांगला बाकला मला काढायचा होता."

आधी बशंदीची सून हसली. मग सगळेच हसले. गावात असा माणूस कोणी पाहिला नव्हता, जो हालूक चोरून नेतो आणि सरीत घालून वर पाणी देतो. बदावीला तर ठसका लागला. हसता हसता लोकांचे हात टोपलीत गेले. राविया उठून वगीदाच्या खांद्याशी जाऊन बसली, रडायला लागली. त्या दिवसापासून मला गावात गोणीवाली म्हणतात. तोंडावर म्हणतात.

फहमी हसला नाही. हात पुसून उठला आणि एकटाच घराकडे गेला.

दुपारी मी कालव्यावर भांडी घासत होते. वगीदा येऊन शेजारी बसली, सुरी धुवू लागली. मला वाटलं आता आभार मानेल. मी तयारीतही होते.

"कशाला सांगितलंस?" ती म्हणाली.

"म्हणजे काय? तुमच्यावर खोटा आळ..."

"खोटा कुठे होता?"

मी हातातल्या थाळीसकट तिच्याकडे वळले.

"गोणीत पेंढा निघाला तेव्हा मला धडकी भरली. कोणाच्या रानात गेलं असेल हे? म्हणून मी सगळ्यांची रानं बघत फिरले. तुझ्याकडे पहिले दोन दिवस त्यासाठीच बघितलं." सुरी स्वच्छ झाली होती, तरी ती घासतच होती. "नंतर त्यासाठी नाही. फहमी बादल्या घेऊन यायचा. एकीतलं पाणी सांडायचा, तू रागवायचीस, तो काहीतरी सांगायचा, तू हसायचीस. बत्तीस वर्षं झाली, बदावीने माझ्या बांधावर पाय ठेवलेला नाही. शेंगा खातो, आणखी आहेत का विचारतो. बस. मी तिथे उभी राहायची आणि घरी जाऊन मला जेवण जायचं नाही. माशाल्ला जिभेवर यायचं, बाहेर पडायचं नाही. मी खरंच नजर लावली तुला, इन्साफ. मी खोटं बोलले नव्हते."

मला काय वाटायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. इतका, की हातातली थाळी पाण्यात सुटली. वगीदा, जिच्या हातचं एकोणतीस वर्षं मी खाल्लं, ती माझा हेवा करत होती. रोज संध्याकाळी, जेवण जात नाही इतका. आणि मला माहीतच नव्हतं, त्यामुळे एक संध्याकाळही मला ते चाखता आलं नव्हतं.

मी धावत घरी आले. फहमी भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी हाक मारली, तो वळला नाही.

आता नवा हिवाळा लागला आहे. माझ्या तुकड्यात वगीदाने चाऱ्याचं बरसीम पेरायला लावलं आणि कडेने मेथी. बरसीमजवळ हालूकचं बी फसून उगवतं आणि उपाशी मरतं, म्हणते. चार-पाच वर्षं तरी बाकल्याचं नाव काढायचं नाही. तिच्या ओट्यावर पूर्वीसारखी गर्दी असते. फहमी माझ्याशी बोलतो, मीठ दे, दार लाव, एवढं. रानाकडे येत नाही. बादल्या मीच आणते, आणि कमी भरते, कारण वजन झेपत नाही.

संध्याकाळी वगीदा येते. कूड मी कधीच काढून टाकला. ती तुतीखाली उभी राहून मला बघते, कुठे पाणी कमी पडलं ते सांगते आणि वर न चुकता म्हणते, "माशाल्ला." अगदी सहज म्हणते. जिभेला कुठे अडत नाही. तो शब्द ऐकला की मी बादली खाली ठेवते आणि थोडा वेळ बांधावर बसून राहते.